काकांचे रिव्हॉल्व्हर आणि हलका चाप

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी आमच्या नात्यातल्या एका घरात गोळी सुटली. कुणाला लागली नाही. माजघरातल्या तांदळाच्या पत्र्याच्या पिंपात ती शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडून भिंतीत रुतली. पिंपाच्या भोकातून तांदळाची बारीक धार जमिनीवर पडत होती आणि आम्ही सात-आठ माणसे त्या धारेकडे पाहत उभी होतो. मिनिटभरापूर्वी त्याच पिंपापाशी बसून एक नऊ वर्षांची मुलगी झेंडूची फुले ओवत होती. दोरा संपला म्हणून ती उठली होती.

हा प्रसंग महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहावा की लिहू नये, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी ज्यांच्या हातून गोळी सुटली त्यांनाच विचारले. ते म्हणाले, "लिही की. माझं नाव तेवढं घालू नकोस." म्हणून त्यांना मी इथे नुसते काका म्हणतो, खरे नाते वेगळे आहे. मात्र या प्रकरणात माझा स्वतःचा जो वाटा आहे तो लपवून चालणार नाही. तो सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला.

काकांचा काजूचा व्यापार. खानापूर, जांबोटी, चंदगड या पट्ट्यातून माल उचलायचा, बेळगावात आणायचा, आणि हंगामात रात्री-अपरात्री रोख रक्कम घेऊन रानातल्या रस्त्याने यायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी एकदा त्यांना जांबोटीच्या बाजूला दोघांनी अडवले होते. त्यानंतर त्यांनी परवाना काढला आणि आपल्या सरकारी कारखान्यात बनलेले 0.32 बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. (परवान्यावर क्षेत्र 'कर्नाटक राज्य'. त्यामुळे शिनोळीच्या पुढे चंदगडला जाताना ते घरी ठेवून जावे लागते. म्हणजे काकांच्या म्हणण्याप्रमाणे चोरानेही सीमावाद पाळला पाहिजे! असो.)

या रिव्हॉल्व्हरबद्दल काकांची एकच तक्रार होती. चाप, म्हणजे ट्रिगर, फार जड. वय साठीच्या पुढे गेलेले, बोटांत संधिवात. "ऐन वेळेला बोटच ओढलं नाही तर काय करायचं?" असे ते म्हणत. मी कायद्याचा विद्यार्थी असलो तरी तेव्हा माझे ज्ञान मोबाइलवरच्या चित्रफितींपुरतेच होते. अमेरिकेतले लोक आपापल्या पिस्तुलांचे चाप कसे हलके करून घेतात, स्प्रिंगा कशा बदलतात, हे मी काकांना मोठ्या उत्साहाने दाखवले. 'तिकडे सगळे करतात' हे वाक्य माझेच. पुढचे काम काकांनी केले. ट्रॅक्टरची कामे करणाऱ्या एका लेथवाल्याकडून त्यांनी आतली स्प्रिंग 'जरा सैल' करून घेतली. चाप लोण्यासारखा झाला. काका खूश, मीही खूश.

खंडेनवमीला हत्यारे पुसून देवासमोर मांडायची आपली रीत आहे. वसतिगृहातला माझा कोडगूचा मित्र सांगतो की त्यांच्याकडे कैलपोळ्द या सणाला बंदुकीची अशीच पूजा होते. काकांनी त्या सकाळी रिव्हॉल्व्हर पुसायला काढले. रात्रीच रिकामे केले आहे असा त्यांचा समज होता आणि तो चुकीचा होता. पुसताना त्यांनी घोडा मागे ओढला आणि अंगठ्याने हळूच खाली सोडायला गेले. एरवी घोडा मागे असतानाही चापाला थोडा विरोध असतो, बोटाला तो जाणवतो. तो विरोध आता उरलाच नव्हता.

पहिली चूक अर्थातच रिकामे आहे की नाही हे उघडून न पाहण्याची. ती स्प्रिंगच्या माथी मारता येणार नाही. पण हत्यार बनवणारा माणूस जेव्हा चापाला अमुक इतके वजन ठेवतो, तेव्हा अशीच एखादी चूक माणसाकडून कधी ना कधी होणार हे धरूनच ठेवतो. रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या एकाच ओढीने घोडा मागे जाऊन पडतो तेव्हा ओढ साधारण पाच किलोच्या आसपास लागते. घोडा आधीच मागे असला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे वजन म्हणजे कारखान्याचा आळस नव्हे. माणूस दचकला, त्याचा तोल गेला, किंवा त्याने एका हाताची मूठ जोराने आवळली, तर दुसऱ्या हाताची बोटेही आपोआप आवळली जातात. चोराची कॉलर डाव्या हाताने धरली तर उजव्या हातातल्या चापावर काय होईल? शिवाय भीतीने हाताची बारीक जाणीव जाते. घरी शांतपणे ओढून पाहिलेला हलका चाप आणि रात्री अकरा वाजता रानात ओढायचा हलका चाप, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

आणि गंमत अशी, की सैल केलेली स्प्रिंग उलट्या बाजूनेही दगा देते. घोडा पुरेशा जोराने पडला नाही तर काडतुसाच्या बुडाला नीट ठोका बसत नाही आणि गोळी सुटतच नाही. म्हणजे नको तेव्हा सुटण्याची आणि हवी तेव्हा न सुटण्याची, अशा दोन्ही व्यवस्था काकांनी एकाच खर्चात करून घेतल्या होत्या.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना ही हकिगत कळली तेव्हा ते काकांना नाही, मला बोलले. "अरे, आम्ही वीस-वीस वर्षं रायफल घेऊन हिंडलो. तिची पूजा केली, तिला उशाशी घेऊन झोपलो. पण आतल्या स्प्रिंगला हात लावायचा तो आर्मररनं. जवानानं लावला तर त्याची धडगत नव्हती. आणि तू लेथवाल्याकडं पाठवतोस?" मी पाठवले नव्हते, पण तसे म्हणण्याचे धाडस झाले नाही.

त्यानंतर मी पुस्तके उघडली. ती आधी उघडायला हवी होती हे कबूल.

शस्त्र अधिनियम, 1959 चे कलम 5 सांगते की परवान्याशिवाय कोणीही बंदुकीचे उत्पादन, विक्री, रूपांतर, दुरुस्ती किंवा चाचणी करू शकत नाही. हा परवाना म्हणजे काकांच्या खिशातला परवाना नव्हे. तो बाळगण्याचा आहे. दुरुस्तीचा परवाना वेगळा, तो शस्त्रविक्रेत्याकडे असतो. कलम 6 नळी आखूड करण्याबद्दल आणि खोट्या बंदुकीची खरी करण्याबद्दल आहे. 2019 च्या दुरुस्तीने त्यात एका वर्गातल्या बंदुकीचे दुसऱ्या वर्गात रूपांतर करणेही घातले. आणि ही दोन कलमे मोडली तर कलम 25 खाली शिक्षा काय? 2019 पूर्वी ती किमान तीन वर्षांची होती. आता किमान सात वर्षे, आणि कमाल जन्मठेप.

सात वर्षे हा आकडा वाचून मी तो परत वाचला. स्प्रिंग बदलणे हे 'रूपांतर' की 'दुरुस्ती', यावर आमच्या वर्गात वाद होऊ शकेल आणि झालाही. पण दोन्ही शब्द कलम 5 मध्ये शेजारीशेजारीच बसलेले आहेत. वाद जिंकून फारसे हाती लागत नाही. न्यायालय एखाद्या प्रकरणात काय म्हणेल हा पुढचा प्रश्न. पण त्या लेथवाल्याने थोड्याशा मजुरीसाठी कोणत्या कलमात पाय घातला होता हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते सांगण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती तो कायद्याचा विद्यार्थी चित्रफीत पाहत होता.

गोळी त्या मुलीला लागली असती तर भारतीय न्याय संहितेचे कलम 125 (निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे), आणि तिचा मृत्यू झाला असता तर कलम 106: पाच वर्षांपर्यंत कारावास. याविषयी अधिक लिहिण्याचे मला धैर्य नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा घरात काही घडले नसते, आणि एके रात्री जांबोटीच्या रस्त्यावर खरोखरच काकांना कोणी कोयता घेऊन अडवले असते. काकांनी गोळी झाडली असती, तो मनुष्य मेला असता. काकांचा बचाव काय? खासगी बचावाचा हक्क. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. हा हक्क उदार आहे. मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. भेदरलेल्या माणसाने बचावाचे माप सोन्याच्या तराजूत तोलावे अशी अपेक्षा आपली न्यायालये करीत नाहीत. 2010 च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वे ओळीने मांडली आहेत, ती कायद्याच्याच नव्हे, कोणत्याही विद्यार्थ्याने वाचण्यासारखी आहेत. पण दोन गोष्टी या हक्काला चिकटलेल्या आहेत. बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. आणि हा अपवाद आपल्याला लागू होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे. सरकारपक्षाइतका कडक पुरावा त्याला द्यावा लागत नाही, पण आपले म्हणणे संभवनीय आहे एवढे तरी पटवावे लागते.

म्हणजे काकांना न्यायालयात काय म्हणावे लागेल? 'होय, मी गोळी झाडली. जाणूनबुजून झाडली. कारण झाडली नसती तर मी मेलो असतो.' स्वसंरक्षण म्हणजे निर्णय. चुकून सुटलेल्या गोळीला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. तो फार तर अपघात, नाहीतर निष्काळजीपणा. आणि नेमके इथेच हलका चाप आड येतो. हत्यार न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. तिथे चाप ओढायला किती वजन लागते हे मोजता येते. ते कारखान्याच्या मापापेक्षा पुष्कळ कमी भरले, स्प्रिंगवर कानशीच्या खुणा सापडल्या, की सरकारी वकील उठून विचारणार: तुम्ही झाडली, की तुमच्या हातून सुटली? सुटली असेल तर बचावाचा हक्क गेला. झाडली म्हणाल तर पुढचा प्रश्न: माणूस मारायला सोपे जावे म्हणून तुम्ही चाप अगोदरच हलका करून ठेवला होता ना? आणि तेही बेकायदा? साठी उलटलेला, संधिवाताचा, घाबरलेला व्यापारी एका क्षणात निष्काळजी तरी ठरतो, नाहीतर तयारीत असलेला.

ज्या क्षणी निर्णय आपला होता हे सिद्ध करायचे असते, त्याच क्षणाचा निर्णय आपण लेथवर अर्धा कापून टाकलेला असतो. मला या सगळ्या प्रकरणातून कळलेली एवढी एकच गोष्ट.

'तिकडे सगळे करतात' असे मी म्हणालो होतो, म्हणून तिकडे काय होते तेही पाहिले. 28 डिसेंबर 1982 रोजी मायामी शहराच्या ओव्हरटाउन या वस्तीत, व्हिडिओ खेळांच्या एका दुकानात, लुईस अल्वारेझ या पोलीस अधिकाऱ्याच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीने नेव्हेल जॉन्सन हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मरण पावला. शहरात दंगल उसळली. अल्वारेझचे म्हणणे, तरुणाने हत्याराकडे हात नेला म्हणून मी जाणूनबुजून गोळी झाडली. सरकारपक्षाचे म्हणणे, त्याने घोडा मागे ओढून ठेवला होता आणि गोळी निष्काळजीपणाने सुटली. सगळा खटला 'झाडली की सुटली' याच प्रश्नाभोवती फिरला. मार्च 1984 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. तो निकाल योग्य की अयोग्य याबद्दल तिकडे दोन मते आहेत, आणि त्या ज्यूरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता हेही विसरता येत नाही. पण माझा मुद्दा वेगळा. तो सरकारी नोकर होता, हत्यार नोकरीचे होते, निष्णात वकील होता. तरी त्या एका प्रश्नाने त्याला सव्वा वर्ष टांगून ठेवले.

लॉस एंजलिसच्या पोलीस दलाने तर आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा मागे ओढून ठेवण्याची सोयच काढून टाकली होती. न्यूयॉर्कच्या दलाने पुढे पिस्तुलांचे चाप मुद्दाम जड, सुमारे साडेपाच किलोचे करून घेतले. म्हणजे माझ्या चित्रफितींतले हौशी लोक एका दिशेने चालले होते आणि ज्यांना रोज हत्यार बाळगावे लागते ते दुसऱ्या दिशेने.

अर्थात जड चाप म्हणजे रामबाण नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 24 ऑगस्ट 2012 रोजी एम्पायर स्टेट इमारतीजवळ एका खुन्यावर दोन पोलिसांनी 16 गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले. जड चापामुळे नेम हलतो, अशी टीका तेव्हा झाली. पुढे नव्या भरतीच्या शिपायांसाठी त्या दलाने चाप हलका केला. मग काका चुकले कुठे, असे कोणी विचारील. काकांची अडचण खोटी नव्हती. पण न्यूयॉर्कचा चाप जड करण्याचा निर्णय असो की हलका करण्याचा, तो दलाने घेतला, त्याची नोंद झाली, काम जाणकारांनी केले आणि त्या चापावर शिपायांकडून सराव करून घेतला. काकांकडे यातले काहीच नव्हते. त्यांचा परवाना 2016 च्या शस्त्र नियमांच्या आधीचा. त्या नियमांनी आता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली आहे. काकांनी ते रिव्हॉल्व्हर विकत घेतल्यापासून सहा-सातपेक्षा जास्त गोळ्या झाडलेल्या नाहीत.

बोटात जोर नसेल तर मुळात आपल्या हाताला झेपेल असे हत्यार निवडावे. ते निवडता येत नसेल तर बाळगू नये. मुठीच्या बाजूच्या पट्ट्या बदलून पकड नीट होत असेल तर ती गोष्ट वेगळी. त्याने हत्याराचा स्वभाव बदलत नाही, आणि तेही परवानाधारक विक्रेत्याला विचारून करावे. 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' नावाचे वजनाने हलके रिव्हॉल्व्हर काढले, ते कारखान्यातूनच तसे आले. हत्याराचे वजन कमी करणे आणि चाप सैल करणे यातला फरक काकांना समजावून सांगायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

काहीजण म्हणतील, रिव्हॉल्व्हर बाळगणारे असे आपल्यात किती? विद्यार्थ्यांना याचे काय? वर्गात मीही हा प्रश्न ऐकला. पण आपल्या भागात निवृत्त सैनिक आहेत, पिकाच्या राखणीसाठी बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत, रोकड नेणारे व्यापारी आहेत, आणि त्यांच्या घरी माझ्यासारखी, हातात मोबाइल असलेली शिकलेली मुले आहेत. 'बाळ, जरा बघून सांग' असे ज्यांना विचारले जाते ती ही मुले. दुसऱ्या देशाच्या कायद्यात बसलेली चित्रफीत पाहून आपण आपल्या घरात सल्ला देतो, आणि पुढे जे घडेल ते मोठ्यांच्या नावावर मांडले जाते.

काकांनी ते रिव्हॉल्व्हर आता शहरातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवले आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते उघडले, आत पाहिले, चष्मा काढून पुसला आणि "हे कुणी केलं?" एवढेच विचारले. काका माझ्याकडे पाहत होते, मी जमिनीकडे.

दिवाळीनंतर मी त्या लेथवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा आहे. आयटीआयचा, हात सोन्याचा. कलम 5, कलम 25, सात वर्षे, सगळे सांगितले. आधी त्याला ती थट्टाच वाटली. "ट्रॅक्टरची पिन काय न् ही काय, लोखंडच की," म्हणाला. मग त्याने मशीन बंद केली, हात फडक्याला पुसले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"मग गेल्या महिन्यात आणखी दोघं येऊन गेलेत," तो शेवटी म्हणाला. "त्यांचं करून दिलंय. त्यांना आता काय सांगू?"